शेऱ्यासह पास

अप्पांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट बिनशर्त पास केलेली नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलला झाली, आणि निवृत्तीनंतर बदललं ते फक्त गाव. ते लेकीकडे बंगळुरूच्या बेळ्ळंदूरला राहायला आले तेव्हा सोसायटीतल्या आम्हा मराठी घरांना वाटलं, चला, गणपतीत आरतीला एक खणखणीत आवाज मिळाला. तो मिळाला. वर प्रसादाच्या मोदकाच्या कळ्या मोजून "हा एकवीसचा नाही" हेही ऐकायला मिळालं.

खिशात टॉर्च, हातात पाण्याचा टीडीएस मीटर. आमच्याकडे पाणी टँकरने येतं, आणि टँकरवाला हल्ली गेटातून आत शिरण्याआधी अप्पा कुठे आहेत ते बघतो. अप्पांचं कन्नड दोन शब्दांचं आहे, 'बेडा' आणि 'सरि इल्ला', आणि तेवढ्यात त्यांचं सगळं भागतं. २०१७ च्या फेब्रुवारीत इथलं तळं पेटलं होतं, ही हकीकत आम्ही नव्या माणसाला हमखास रंगवून सांगतो. माणसं आ वासतात. अप्पांनी शांतपणे विचारलं, "तळ्यात येणारा माल आत घेताना तपासत कोण होतं?"

अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं.

कारण सुभेदार. दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, चौतीस किलो, मागचे पाय धरलेले. लेक-जावई रिंग रोडच्या गर्दीतून परतेपर्यंत तो दाराला नाक लावून पडलेला असतो. अप्पा दिवसभर घरात असतात, पण ती सोबत त्याला मानवत नसावी. दर तासाला कुणी कान उघडून आत टॉर्च मारला तर कुणालाच मानवणार नाही. लेक म्हणाली, छोट्या जातीचं एखादं आणू, त्याला झेपेल असं.

जावयाने फोनवर 'टीकप पॉमेरेनियन' दाखवला. मुठीत मावणारा, गळ्यात गुलाबी रिबन. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही जातच नाही. कुठल्याही केनेल क्लबच्या यादीत टीकप सापडणार नाही. अंडरसाइज माल आहे हा, आणि तो जास्त भावाने विकतायत. एक वेळचं जेवण चुकलं तर साखर उतरून आडवा होईल." जावई स्वतःच त्या घरात अजून प्रोबेशनवर आहे. त्याने फोन खिशात घातला.

मग एकेक जात टेबलावर आली आणि गेली. पग? "नाकच ठेवलेलं नाही, श्वास घेणार कुठून? २००३ साली ती हचची जाहिरात आली आणि लोकांनी घोरणारी कुत्री घरोघर नेली." डॅक्सहंड? "कणा लांब, पाय आखूड. सुभेदार चुकून वर बसला तर मणका गेला." शिह त्झू? "डोळे बाहेर, केस आत. रोज विंचरणार कोण, मी?" चिवावावर तर त्यांनी शब्दही खर्च केला नाही, सुभेदाराच्या पंजाकडे नुसतं बोट दाखवलं. शेवटी यादीत उरला तो स्पिट्झ. 'हम आपके हैं कौन'मधला टफी ज्या जातीचा तो. आपण लहानपणी ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणायचो, तो बहुतेक वेळा हाच असायचा. "काटक आहे," अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुती ऐकून लेकीने लगेच गाडी काढली.

पहिल्या विक्रेत्याकडे मीही गेलो होतो, तमाशा चुकवायचा नव्हता म्हणून. त्याने पांढरा गोळा अप्पांच्या हातात दिला. "टू मंथ्स, सर." अप्पांनी ओठ वर करून टॉर्च मारला आणि दात मोजायला घेतले. "आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात हवेत. हे अजून निम्म्यावर आहे. आठ आठवड्यांच्या आत विकायची बंदी आहे, २०१७ चे नियम वाचा. आई कुठे आहे?" आई गावाला होती. लसीच्या कार्डावर शिक्का होता, पण बॅच नंबरचं स्टिकर नव्हतं. बॅच नंबर नाही म्हटल्यावर अप्पांचा चेहरा असा झाला, की मलाच त्या विक्रेत्याची दया आली. "सरि इल्ला," अप्पा म्हणाले आणि दोन्ही शब्द वापरायचे म्हणून जाताजाता "बेडा"ही म्हणाले.

असे बरेच रविवार गेले. मग हरळूर रोडवरच्या एका बेळगावच्या आजींचा पत्ता लागला. त्यांच्या घरच्याच कुत्रीची पिल्लं, नऊ आठवड्यांची. आई समोर, शेपूट हलवत. अप्पांनी हिरड्या दाबून पाहिल्या, टाळू चाचपली, बेंबीवर बोट फिरवलं, गुडघ्याची वाटी सरकते का ते पाहिलं, कान हुंगले, शेपटीखाली टॉर्च मारला. मग पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा टाकला. तीन पिल्लं दचकली. चौथं दचकलं, आणि परत येऊन किल्ल्या तोंडात धरून चालू लागलं. अप्पांनी खिसा चाचपला. दोष सापडेना.

"झालं तुमचं?" आजी म्हणाल्या. "आता आमचं. तुमच्या म्हाताऱ्याला आणा की आधी. त्याला पसंत नसेल तर तुमच्या पसंतीला काय चाटायचं?"

सुभेदाराला आणलं. भेट आजींच्या फरशीच्या अंगणात. पिल्लाचे डोस पुरे व्हायचे होते, त्यामुळे पार्व्होच्या भीतीने त्याला रस्त्यावर उतरवायची सोय नव्हती. पिल्लाने सरळ जाऊन सुभेदाराचा कान धरला. सुभेदार एकदाच गुरगुरला. लेक "ए!" करून पुढे धावली, तर आजींनी तिचा हात धरला. "ओरडू नको त्याला. शिकवालाय तो." पिल्लू मागे सरलं, बसलं, आणि मग दुसऱ्या बाजूने येऊन पोटाशी लवंडलं. सुभेदाराने सुस्कारा टाकला.

त्यानंतर आजी घर बघायला आल्या. गॅलरीच्या ग्रिलमध्ये त्यांनी मूठ घातली. मूठ आरपार गेली. "इथनं पडतंय की हे. जाळी लावा." दोघांची भांडी वेगळी आणि लांब लांब ठेवायची. दिवसातून काही वेळ पिल्लू कुंपणात, म्हाताऱ्याला विश्रांती हवी. गुळगुळीत फरशीवर चटई टाका, दोघांच्याही पायांसाठी. अप्पा वहीत लिहून घेत होते. त्यांना कुणी नापास केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जाळी लागली. आजी पुन्हा आल्या, यावेळी पर्समध्ये मोजपट्टी घेऊन. जाळी मापली, कोपरे ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "चालतंय. खालचा एक स्क्रू ढिला आहे तेवढा."

अप्पा त्यांना गेटपर्यंत सोडून आले. लिफ्टमध्ये मला भेटले, चेहरा उजळलेला. "बाई आमच्या डिपार्टमेंटला असायला हव्या होत्या हो," म्हणाले. "स्क्रू मीच ढिला ठेवला होता. बघत होतो, सापडतो का."