खुल्या मैदानातले लोकार्पण : आयोजकांसाठी काही सूचना

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक काम उभे करणे फारसे अवघड नाही. निधी येतो, निविदा निघते, ठेकेदार कधीतरी काम आटोपतो. खरे कसब लागते ते लोकार्पणाला, आणि तेही उघड्यावर, ऊन-वाऱ्यात, मंडपवाल्याच्या भरवशावर. सबब या सूचना.

पहिली गोष्ट तारीख. काम पूर्ण झाले की लोकार्पण करावे, असा नवख्या अभियंत्यांचा समज असतो. तारीख पाहुण्यांच्या डायरीतून निघते. कामाने तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. आता आपल्याच तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग घ्या. पहिल्या टप्प्यासाठी २ मे २०२२ ठरली होती. नागपूरकडच्या वन्यजीव उड्डाणपुलाच्या कमानीने ऐनवेळी दगा दिला आणि मुहूर्त लांबत लांबत ११ डिसेंबरवर गेला. पण खचून जाऊ नये. पुढे मे २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२५ असे टप्पे आले, आणि ७०१ किलोमीटरच्या एकाच रस्त्यातून चार लोकार्पणे निघाली. आपल्या ओढ्यावरच्या पुलाचेही ‘कठड्याविना’ आणि ‘कठड्यासह’ असे दोन टप्पे सहज पडतात.

फार लांबवणेही बरे नव्हे. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. मधल्या काळात पंतप्रधान बदलले आणि गंगापूर तालुक्यातल्या कित्येकांना गोदाकाठ सोडून उठावे लागले. त्यांची नावे कोणत्या कोनशिलेवर आहेत, हे शोधण्यात आयोजकांनी वेळ दवडू नये.

कोनशिलेचे काम मात्र स्वतः उभे राहून करून घ्यावे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरे, वर ‘शुभहस्ते’, त्याखाली ‘अध्यक्षस्थानी’, मग ‘प्रमुख उपस्थिती’, मग ‘विशेष उपस्थिती’, आणि उरलेल्यांसाठी ‘सन्माननीय उपस्थिती’. या पाचांत फरक काय, असे विचारणाऱ्याला समितीत घेऊ नये. एखाद्या आमदाराचे नाव राहिले तर प्रकरण हक्कभंगापर्यंत जाते. एखाद्या नगरसेवकाचे राहिले तर तो हक्कभंगाची वाट पाहत नाही, थेट मंडपात येतो. ज्या काळात निवडणुका रखडून पालिकांवर प्रशासक बसले होते, तेव्हा दगड निम्म्या आकाराचा पुरत असे. ग्रॅनाइटवाल्यांनी तो काळ कसा काढला, तेच जाणोत. दगड आगाऊ कोरून ठेवणेही धोक्याचे. जिल्ह्याचे नवे नाव १५ सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने लागू झाले. त्याआधी ‘जि. औरंगाबाद’ कोरून घेतलेल्यांनी दगड उलटा करून पाठीमागची बाजू वापरावी. आचारसंहिता लागली तर तोच दगड वर्तमानपत्राने झाकावा. मात्र वर्तमानपत्रात पाहुण्यांचा फोटो नाही ना, हे आधी पाहावे.

आता वारा. उघड्यावर समई पेटवणे ही या क्षेत्रातली सर्वांत कठीण परीक्षा. पाहुणे मेणबत्ती पुढे करतात, मेणबत्ती विझते. कोणीतरी काडी ओढतो, ती विझते. मग तीन पदाधिकारी उपरण्यांचा आडोसा धरून समईभोवती कोंडाळे करतात, छायाचित्रकार ‘भाऊ, जरा सरका’ म्हणून ओरडतो, आणि ते सरकले की पुन्हा वारा शिरतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक वातीच्या टोकाला ऐनवेळी कापराचा चुरा चोळावा, आणि समईची वाऱ्याकडची एक वात मुद्दाम पेटवू नये. पाच पेटल्या की टाळ्या सुरू कराव्यात. सहावीकडे कोणी पाहत नाही.

मंडपाच्या खुंट्या काळ्या मातीत ठोकल्या असतील तर अवकाळीचा अंदाज पाहावा. कोरडी असताना खुंटी गिळणारी ही जमीन ओली झाली की तीच खुंटी अलगद परत करते.

पाहुण्यांच्या उशिराचे गणित सरावाने येते. स्वीय सहायक फोनवर ‘साहेब वाळूजला आलेत’ म्हणाले, की साहेब क्रांती चौकात आहेत असे समजावे. ‘ढोरेगाव ओलांडलं’ म्हणजे वाळूज. ‘पाचच मिनिटं’ म्हणजे अजून चहा व्हायचा आहे. दरम्यान सूत्रसंचालकाने गावाचा इतिहास सांगत राहावे. तो संपला तर तालुक्याचा सुरू करावा.

इथवरच्या सूचना पाळल्या नाहीत तरी फार बिघडत नाही. पुढची एक मात्र गंमत म्हणून वाचू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठाला छत होते, समोरच्या लाखोंना नव्हते. उष्माघाताने १४ माणसे गेली. त्यानंतर सरकारने त्या उन्हाळ्यापुरते दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावरच्या कार्यक्रमांना बंदी घातली. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि तरी पत्रिकेवर ‘सकाळी ठीक १०’ छापून स्वागतगीताच्या मुलींना साडेआठला रांगेत उभे करण्याची पद्धत चालूच आहे. पाहुणे एकला येतात, गाडीतल्या एसीतून थेट व्यासपीठावरच्या कूलरसमोर. मुली तोवर तिथेच असतात, हातात सुकलेल्या फुलांचे तबक घेऊन.

म्हणून पहिला मंडप प्रेक्षकांवर घालावा, उरलेल्या कापडातून व्यासपीठ झाकावे. पाण्याचे जार व्यासपीठामागे न ठेवता मुलांच्या रांगेशेजारी ठेवावेत. आणि अकरापर्यंत पाहुणे आले नाहीत, तर रांगेतल्या सर्वांत धाकट्या मुलीच्या हाती कात्री द्यावी, फीत कापून घ्यावी, आणि सगळ्यांना घरी सोडावे. फितीचे दुसरे रीळ खिशात असू द्या. साहेब आले की पुन्हा बांधता येते. फोटोत काही फरक पडत नाही.