अगं, त्या नौरूचं ऐकलंस का?

अगं मुग्धा, जरा कुंपणापाशी ये. नळी राहू दे चालू, कढीलिंबाला थोडं पाणी जास्त गेलं तर काही बिघडत नाही. तुझ्या नवऱ्याला नौरूला पाठवताहेत हे खरं का? काल कचऱ्याचे डबे बाहेर लावताना तो ह्यांना म्हणाला म्हणे.

“हो काकू, हिशेब तपासनिसाचं काम आहे. मी नकाशात शोधायला गेले तर देशच सापडेना!”

सापडणार कसा? सगळा मिळून 21 चौरस किलोमीटर. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर याहून लहान देश जगात नाही. माणसं बारा हजारांच्या आतबाहेर. इथून ब्रिस्बेनहून विमानात बसायचं, चार-पाच तास खाली नुसतं पाणी बघायचं आणि विषुववृत्त पन्नास-साठ किलोमीटरवर आलं की उतरायचं. सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे किरिबातीचं बनाबा बेट, तेही तीनशे किलोमीटर लांब. आपल्यासारख्या कुंपणावरच्या गप्पा त्यांच्या नशिबी नाहीत.

“आणि राजधानी?”

राजधानी नाहीच! चौदा जिल्हे आहेत. त्यातल्या यारेनमध्ये विमानतळ, समोर संसद, आसपास सरकारी कचेऱ्या. त्यामुळे लोक यारेनलाच राजधानी म्हणतात. बेटाभोवती एकच रस्ता, एकोणीस किलोमीटरचा. गाडी काढली की अर्ध्या तासात परत आपल्या दारात. हे तिथे हिशेबनिसाचं काम करून आलेत ना, म्हणून मला सगळं घरचं माहीत. वस्ती सगळी किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात, नाहीतर मधल्या बुआडा तळ्याभोवती. उरलेला ऐंशी टक्के देश म्हणजे वरचं पठार, आणि तिथे कुणी राहत नाही.

का म्हणजे? राहायला जमीन ठेवलीय कुठे! मी एकदा ह्यांच्याबरोबर वर गेले होते. चुनखडीचे सुळके, करडे, दोन-दोन पुरुष उंच, एकाला चिकटून दुसरा. मधल्या फटीत पाय घालायला जागा नाही आणि घातलाच तर खरचटून निघतो. मूठभर माती शोधलीस तरी मिळायची नाही. दुपारी तो दगड असा तापतो की उभं राहवत नाही. त्या गरम हवेने पावसाचे ढगही टिकत नाहीत असं तिथली माणसं सांगतात. पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून करायचं किंवा छपरावरचं साठवायचं.

ही सगळी करणी फॉस्फेटची. त्याची गोष्टही मजेशीर आहे बघ. सिडनीला एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला एक दगड ठेवलेला असायचा, नौरूहून कुणीतरी आणलेला. सगळे म्हणायचे, लाकडाचा दगड झालाय. अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला काही ते पटेना. त्याने तो तपासला तर उत्तम प्रतीचं फॉस्फेट! ही एकोणिसावं शतक संपतानाची गोष्ट. बेट तेव्हा जर्मनांकडे होतं, 1888 पासून. 1906-07 च्या सुमारास खणायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं आणि मग राष्ट्रसंघाने ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या देखरेखीखाली दिलं.

आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लिहिलेलं असतं, आठवतं? अज्ञान पालनकर्ता. पोर लहान आहे म्हणून चुलता जमीन बघतो, आणि पोर जाणतं होईतो विहिरीपासून बांधावरच्या आंब्यापर्यंत सगळं चुलत्याच्या घशात गेलेलं असतं. तसंच झालं. इथे चुलते तीन. वाटणी सुद्धा ठरलेली होती: 42 टक्के ब्रिटनला, 42 ऑस्ट्रेलियाला, 16 न्यूझीलंडला. फॉस्फेट बाजारभावाने विकायचंच नाही. आपापल्या शेतकऱ्यांना खर्चाच्या भावात द्यायचं आणि नौरूकरांच्या हातावर काहीतरी चिल्लर ठेवायची. ऑस्ट्रेलियाचा गहू आणि न्यूझीलंडची कुरणं या खतावर पोसली आहेत. लोक नौरूला हसतात तेव्हा हे बरोबर विसरतात.

“पण लोकांनी उधळलंच ना काकू पुढे? मी वाचलंय, पोलीसप्रमुखाने लॅम्बोर्गिनी मागवली आणि मग त्याचं पोट स्टिअरिंगमागे मावेना!”

ती गोष्ट सगळेच सांगतात, मीही चवीने सांगते. पण थांब, मधलं ऐक. दुसऱ्या महायुद्धात 1942 ला जपानी आले. त्यांनी बाराशे नौरूकरांना उचलून पार त्रुक बेटांवर मजुरीला नेलं. उपासमार, आजार, बॉम्ब. 1946 च्या 31 जानेवारीला 737 जण परत आले. बाराशेतले सातशे सदतीस! म्हणून 1968 मध्ये स्वातंत्र्य घेतलं तेही मुद्दाम 31 जानेवारीलाच.

त्यांचा आणखी एक सण आहे, अंगाम, 26 ऑक्टोबरला. पहिल्या महायुद्धानंतर फ्लूच्या साथीत माणसं इतकी गेली की वंश टिकायचा तर निदान पंधराशे डोकी हवीत असं ठरलं. 1932 ला त्या तारखेला पंधराशेवं मूल जन्मलं आणि सगळ्या बेटाने सुट्टी केली. मग युद्धात आकडा पुन्हा खाली आला, तो भरून यायला 1949 उजाडलं. बाळंतपणाचा राष्ट्रीय सण मी तरी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. वंश आईकडून चालतो, कुळं बारा. त्यांच्या झेंड्यावरच्या चांदणीची टोकं मोज, बाराच भरतील. निळा समुद्र, मधे पिवळी रेघ ती विषुववृत्ताची, आणि रेघेच्या जरा खाली चांदणी म्हणजे हे बेट. पत्ता झेंड्यावरच छापलाय म्हण ना.

साठच्या दशकात तर काय झालं माहितेय? जमीन उकरून संपत आली, तेव्हा ऑस्ट्रेलिया म्हणाला, तुम्ही सगळे उठून आमच्याकडे या. कुठे? आपल्याच क्वीन्सलंडात, ग्लॅडस्टोनजवळच्या कर्टिस बेटावर. नौरूकर म्हणाले, येतो, पण राज्य आमचं आम्ही करू. ते काही ऑस्ट्रेलियाला रुचेना. 1964 मध्ये नौरूकरांनी नकार दिला आणि आपल्या सुळक्यांवर राहिले. हॅमर डीरोबर्ट त्यांचा पुढारी होता, तोच पुढे पहिला राष्ट्राध्यक्ष. 1967 च्या करारात सगळी यंत्रसामग्री 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतली. आपल्याच खाणी पैसे मोजून सोडवल्या!

मग मात्र पैसा आला गं, बदाबदा. सत्तरच्या दशकात माणशी उत्पन्नात जगातल्या पहिल्या पंक्तीत. कर नाही, इस्पितळ फुकट, शाळा फुकट, खणायला किरिबाती, तुवालू आणि चीनचे मजूर. मेलबर्नमध्ये 52 मजली नौरू हाउस उभं केलं, 1977 ला. तिथले लोक त्याला पक्ष्याच्या शिटेचा मनोरा म्हणायचे, फॉस्फेट त्यातूनच झालं या समजुतीने. मूठभर लोकांसाठी स्वतःची विमान कंपनी. आणि कळस म्हणजे 1993 ला लंडनमध्ये लिओनार्डो दा विंचीच्या प्रेमप्रकरणावर संगीत नाटक! वीसेक लाख पौंड घातले. सल्लागारानेच गळ्यात मारलं होतं. काही आठवड्यांत गाशा गुंडाळला.

उधळपट्टी होतीच, मी कुठे नाही म्हणते? पण नाटकात वीस लाख गेले तर गवगवा होतो, आणि साठ वर्षं भावात मारलं त्याचा कुणी आकडा काढत नाही. नौरूने मात्र काढला. 1989 ला ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, जमीन उद्ध्वस्त करून गेलात म्हणून. एवढंसं बेट! 1993 ला ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख डॉलर देऊन तडजोड केली.

त्याच सुमाराला खाण आटली आणि घरघर लागली. पत्र्याच्या पेटीएवढ्या जागेत शेकडो परदेशी बँका नोंदवल्या, रशियाचा काळा पैसा फिरला, अमेरिकेने कान पिळला. 2004 ला नौरू हाउस कर्जापायी विकलं. शेवटचं एक विमान उरलं होतं, ते 2005 च्या डिसेंबरात सावकाराने ओढून नेलं. देशाची बँक बुडाली ती अशी की वर्षानुवर्षं लोक घरात रोकड ठेवून जगले. ऑस्ट्रेलियन बँकेची शाखा आली ती थेट 2015 ला. नाणं ऑस्ट्रेलियन डॉलरच, त्यामुळे तुझ्या नवऱ्याला पैसे बदलायची कटकट नाही.

“मग आता चालतं कशावर?”

सहीवर! हसू नकोस. जमीन गेली, तरी देश आहे ना? देशाचा शिक्का आहे, मत आहे. तेच काळजीपूर्वक विकतात. 2001 ला टॅम्पा जहाजावरच्या निर्वासितांना ऑस्ट्रेलियाला किनाऱ्याला लागू द्यायचं नव्हतं, तेव्हा नौरूने छावणी उघडली, पैसे घेऊन. 2008 ला बंद, 2012 ला पुन्हा चालू. तिथे माणसांची, पोराबाळांची जी परवड झाली ती ऐकवत नाही, आणि त्याचं पाप पैसे देणाऱ्यावर आधी. 2025 च्या ऑगस्टात ऑस्ट्रेलियाला नको असलेल्या काही परदेशी माणसांना ठेवून घ्यायचा नवा करार झाला, सुरुवातीलाच 40 कोटी डॉलरच्या वर.

तैवान आणि चीनपैकी मान्यता कुणाला द्यायची, तेही तसंच. 2002 ला चीनकडे, 2005 ला तैवानकडे, 2024 च्या जानेवारीत तैवानची निवडणूक होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच परत चीनकडे. समुद्राच्या बाबतीत मात्र त्यांनी शहाणपणाने केलं. बेट एवढंसं असलं तरी भोवतीचं तीन लाख चौरस किलोमीटर पाणी त्यांचं. 1982 च्या नौरू कराराने शेजारी देश एक झाले आणि आता ट्यूना धरणाऱ्या परदेशी बोटींना दिवसाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. एकट्याने भाव केला असता तर पुन्हा चिल्लरच मिळाली असती. शिवाय हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या समुद्रतळावरची धातूंची ढेकळं काढायला एका कॅनडाच्या कंपनीला पाठिंबा दिलाय. स्वतःच्या समुद्रात नाही हं, भलतीकडे! 2021 ला नियम लवकर करा म्हणून समुद्रतळाच्या जागतिक प्राधिकरणाला नोटीसच दिली. आणि हल्ली पासपोर्ट विकतात, सुरुवातीला 1 लाख 5 हजार अमेरिकी डॉलरला विकले. किनारा बुडणार, वस्ती पठारावर न्यायची, त्याला पैसा हवा म्हणून.

“सरकार तरी धड आहे का?”

खासदार एकोणीस, तेच आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात. पक्षबिक्ष कुणाला ठाऊक नाहीत, नातीगोती सगळ्यांना. 2003 या एका वर्षात ती खुर्ची पाच-सहा वेळा हलली. सध्या डेव्हिड अदिआंग आहेत, 2023 पासून. माजी राष्ट्राध्यक्ष मार्कस स्टीफन तर वेटलिफ्टर होते, राष्ट्रकुल स्पर्धांत सात सुवर्णपदकं! मतदानाची रीत मला फार आवडते. सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश. 1971 ला डाउडॉल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने काढलेली. मतमोजणीला अपूर्णांकांची बेरीज! तुझ्या नवऱ्याला जमेल.

पाठव त्याला, बिनधास्त. फक्त डाळी, मसाले आणि मधुमेहाची गोळी असेल तर तीही भरपूर बांधून दे. भाजी जहाजाने येते, महाग. डबाबंद मांस आणि पांढरा भात खाऊन तिथे घरटी साखरेचा आजार आहे. पूर्वी हीच माणसं बुआडात मासे पाळायची, रात्री नॉडी पक्षी धरायची. पैसा आल्यावर ते सुटलं. नॉडी अजून धरतात, पण शौक म्हणून.

आणि एक सांग त्याला, 2015 ला त्यांनी नवा ट्रस्ट काढलाय, पुढच्या पिढ्यांसाठी. ऑस्ट्रेलिया, तैवान, न्यूझीलंड आणि आशियाई विकास बँकेने त्यात पैसे घातले आणि नौरू दरवर्षी स्वतःची भर घालतं. समितीत बाहेरचीही माणसं बसतात, मनात आलं म्हणून कुणाला हात घालता येत नाही. फॉस्फेटचे पैसे ठेवलेल्या जुन्या ट्रस्टला एवढी एक अट असती तर लंडनचा तो लिओनार्डो तालमीलासुद्धा उभा राहिला नसता.