चांदीच्या चमच्याचे शास्त्र

पावसाळी रानवाटेवर अळंब्यांपेक्षा अळंबीतज्ज्ञांचेच पीक अधिक जोमदार येते. गोगलगायीने कुरतडलेली अळंबी निर्धोक आणि चांदीचा चमचा काळा पाडणारी तेवढी विषारी, हे त्यांचे निकष असून त्यांत आता छायाचित्रावरून नाव सांगणाऱ्या ॲपची भर पडली आहे. छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म प्रजननकणांचा, रंगीत ठसा घेण्याइतकी सवड मात्र या विद्वानांना नसते. युरोपातील ‘डेथ कॅप’ ही अळंबी गोगलगायी खुशाल खातात, ती चांदी काळवंडवत नाही, शिजवल्याने तिचे विष जात नाही आणि लक्षणे बहुधा 6 ते 24 तासांनी दिसतात. त्यामुळे तज्ज्ञाला आपल्या विद्वत्तेवर निदान एक रात्र निवांत झोपता येते.