हुकूमशहा व्हायचंय? आधी कार्डं लावायला शिका

घोड्यावर बसून राजधानीत शिरायची स्वप्नं बघत असाल तर आधी खाली उतरा. लढाया मारणं आणि चौकात भाषणं ठोकणं ही कामं ट्रॉट्स्कीची. तो ती झकास करतो, आणि त्यापायीच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. तुम्ही एवढंच हेरा, की पक्षातल्या कुठल्या कामाचं नाव काढलं की मोठी मंडळी घड्याळाकडे बघायला लागतात. ते काम आपलं. मागू मात्र नका. दुसऱ्या कुणी सुचवावं आणि तुम्ही ‘पक्षाची इच्छा’ म्हणून मान डोलवावी.

३ एप्रिल १९२२ रोजी मॉस्कोत स्टालिन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला, तेव्हा कुणालाच फारसं वावगं वाटलं नाही. लेनिन, ट्रॉट्स्की, झिनोविएव्ह, कामेनेव्ह अशा लेखक-वक्त्यांच्या पंगतीत हा वाढप्या. बैठकांची विषयपत्रिका काढायची, ठराव खाली पोचवायचे, कोण कुठे नेमलाय याची नोंद ठेवायची. सहकारी गमतीने त्याला ‘कॉम्रेड कार्ड-इंडेक्स’ म्हणत. हसू द्या. आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लोक हसतात, आणि पाणी किती वाजता येणार ते त्यालाच विचारतात.

आता मुख्य कृती. हिला घाई चालत नाही.

एक लांबट खोका घ्या. त्यात प्रत्येक कार्यकर्त्याचं एक कार्ड. कुठला, कधीपासून पक्षात, कुणाच्या शिफारशीवर आला, कुणाशी वाकडं आहे, बदली दिली तर कुरकुरेल का. मग नेमणुका सुरू करा. प्रांताचा पक्षसचिव कागदोपत्री निवडून येतो, पण कुणाला निवडायचं याची चिठ्ठी तुमच्या कार्यालयातून जाते. तो सचिव अधिवेशनाला कोण जाणार ते ठरवतो. जाणारे मध्यवर्ती समिती निवडतात. मध्यवर्ती समिती सरचिटणीस निवडते. म्हणजे पेरायचं आपण, राखण आपली, मळणीही आपलीच, आणि शेवटी पंचांना विचारायचं की पीक कुणाचं! १९२२ या एका वर्षात मॉस्कोच्या कार्यालयाने अशा दहा हजारांहून जास्त नेमणुका केल्या. मोलोतोव्ह आणि कागानोविच ही माणसं हाताशी होतीच. दोघांनाही टेबलाशी बसायचा कंटाळा नव्हता, आणि हा गुण क्रांतिकारकांत फार दुर्मीळ.

कुणी विरोध केलाच तर? त्याची सोय लेनिननेच करून ठेवली आहे. १९२१ च्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली. तुमची माणसं म्हणजे पक्ष, दुसऱ्याची माणसं म्हणजे गट. व्याख्या एवढी सोपी ठेवा.

पुढारी आजारी पडला तर त्याच्या पथ्यपाण्याची जबाबदारी अंगावर घ्या. डिसेंबर १९२२ मध्ये मध्यवर्ती समितीने लेनिनची विश्रांती सांभाळायचं काम स्टालिनकडे दिलं. डॉक्टरांनी लेनिनला दिवसाला पाच-दहा मिनिटं मजकूर सांगायची मुभा दिली होती. माणसाला विश्रांती मिळते आणि तुम्हाला शांतता. मात्र इथे नवशिका हमखास घसरतो. स्टालिनही घसरलाच. लेनिनची बायको क्रुप्स्काया हिने नवऱ्याचं पत्र लिहून घेतलं म्हणून त्याने तिला फोनवर नको नको ते सुनावलं. तिकडे लेनिनने त्या पाच-पाच मिनिटांत सांगून ठेवलं, की या माणसाच्या हाती अफाट सत्ता गोळा झाली आहे. ४ जानेवारी १९२३ ला पुरवणी जोडली: हा फार उद्धट आहे, याला या पदावरून हलवा. मार्चमध्ये लेनिनची वाचाच गेली. नशीब लागतं, ते कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत.

ते कागद मे १९२४ मध्ये मध्यवर्ती समितीपुढे वाचले गेले. लेनिन जानेवारीतच गेला होता. अशा वेळी चेहरा पाडून बसा आणि बोलायचं काम मित्रांना करू द्या. झिनोविएव्ह उठला आणि म्हणाला, लेनिनची भीती सुदैवाने खरी ठरली नाही. कामेनेव्हनेही बाजू घेतली. दोघांना भीती ट्रॉट्स्कीची! कागद छापायचे नाहीत असं ठरलं. मग, आणि मगच, राजीनामा द्या. तो स्वीकारला जाणार नाही. स्टालिननेच पुढे ऐकवलं, की त्या वेळी ट्रॉट्स्कीसकट सगळ्यांनी मला राहायला भाग पाडलं.

मित्रांना वर्ष-दीड वर्षाने जाग येते. डिसेंबर १९२५ च्या चौदाव्या अधिवेशनात कामेनेव्ह उभा राहिला आणि स्टालिन सर्वांना एकत्र ठेवू शकणार नाही, असं तोंडावर म्हणाला. सभागृहात एकच गोंगाट उसळला. मतं पडली ५५९ विरुद्ध ६५. ही ६५ कुठून आली? लेनिनग्राडहून. तिथल्या नेमणुका झिनोविएव्हच्या हातात होत्या. एवढा एक खोका तुमच्या कपाटात नव्हता. त्यावर उपाय म्हणजे पुढच्याच महिन्यात आपल्या किरोव्हला लेनिनग्राडला पाठवणं.

उरलेलं भराभर उरकतं. ट्रॉट्स्की १९२७ मध्ये पक्षाबाहेर, १९२९ मध्ये देशाबाहेर. त्याच वर्षी आणखी एक बडा नेता बुखारिन पॉलिटब्यूरो या सर्वोच्च समितीबाहेर. झिनोविएव्ह आणि कामेनेव्हला १९३६ मध्ये गोळ्या. १९३४ च्या अधिवेशनाचे १,९६६ प्रतिनिधी होते, त्यांपैकी १,१०८ जणांना पुढे अटक झाली. ती बहुतेक तुम्हीच नेमलेली माणसं होती, पण कार्डं जुनी झाली की बदलावी लागतात.

राजीनाम्याची युक्ती मात्र म्हातारपणासाठी राखून ठेवा. १६ ऑक्टोबर १९५२ रोजी मध्यवर्ती समितीच्या बैठकीत स्टालिन म्हणाला, मला आता सचिवपदातून मोकळं करा. लेखक कॉन्स्तान्तिन सिमोनोव्ह त्या सभागृहात होता. त्याने लिहून ठेवलंय, की अध्यक्षस्थानी असलेल्या मालेन्कोव्हचा चेहरा भीतीने पार बदलून गेला. स्टालिनच्या पाठीमागून तो सभागृहाला डोळ्यांनी आणि हातांनी विनवू लागला: नाही म्हणा, लवकर नाही म्हणा. सभागृह ओरडलं, ‘नाही, नाही, राहा!’