चार टक्के सीपीयू

डेस्कटॉप सजवण्यात एक मूळचीच गोची आहे: काम सुरू झालं की तो दिसत नाही. टॅली उघडली की टॅलीखाली, एक्सेल उघडलं की एक्सेलखाली. तरी लोक त्यापायी रात्री जागवतात. विंडोज ९८च्या काळात हौशी मंडळी सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमधली शेलची ओळ बदलून एक्सप्लोररची उचलबांगडी करत आणि त्याच्या जागी लाइटस्टेप आणून बसवत. टास्कबार गेला, स्टार्टचं बटण गेलं, आणि काही बिनसलं तर समोर नुसता रिकामा पडदा! त्यामानाने २००१ पासून चालत आलेलं रेनमीटर गरीब स्वभावाचं. फुकट मिळतं, विंडोजच्या संसारात ढवळाढवळ न करता आपली घड्याळं-बिघड्याळं वर मांडून बसतं.

आमच्या भाच्याने ते भिवंडीत, दाजींच्या यंत्रमागाच्या ऑफिसात बसवलं. ऑफिस म्हणजे लाकडी पार्टिशनच्या अलीकडची जागा. पलीकडे मागांचा खडखडाट, अलीकडे कीबोर्डच्या फटींत अडकलेले सुताचे तंतू. कितीही फुंका, संध्याकाळी 'एंटर'वर पुन्हा पांढरी लव.

रेनमीटर बसवायला काही लागत नाही. 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलं की इलस्ट्रो नावाची स्किन हजर: घड्याळ, डिस्क, सीपीयू. खरा नाद पुढे लागतो, कारण स्किन म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एक्स इतका, वाय इतका, पांढऱ्या रंगासाठी २५५ तीनदा. आडव्या-उभ्याचं हे गणित मागवाल्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. ताणा-बाणा बघावा तसा तो एकेक आकडा सरकवत बसला. वार मराठीत हवा होता, तो फॉरमॅटलोकेलपुढे 'एमआर-आयएन' लिहिल्यावर सुतासारखा सरळ आला. पण त्याने स्वतः टाइप केलेलं 'आजचं उत्पादन' मात्र पडद्यावर भलत्याच चिन्हांत उमटलं. फाइल यूटीएफ-१६ एलईमध्ये सेव्ह केल्यावरच त्याला देवनागरीचं रूप आलं. मराठी माणसाला संगणकावर असा एक तरी जादा दाखला द्यावाच लागतो.

दाजी येऊन मागे उभे राहिले.

"हे नवीन मीटर कसलं? याचं बिल कोण भरणार?"

भिवंडीत विजेचा विषय कोणी गमतीत काढत नाही. भारनियमनाने इथे किती पाळ्या बुडवल्या, ते जुन्या मालकांना विचारावं. जानेवारी २००७ मध्ये इथलं वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेलं, तो देशातला असा पहिलाच करार. आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवर त्याची चर्चा संपलेली नाही.

"पप्पा, बिल-बिल काही नाही. बघा, सीपीयू फक्त चार टक्के," भाचा अभिमानाने म्हणाला.

"चार टक्के? माग असता तर कालच भंगारात घातला असता!"

मला तर वाटतं, धंदा कसा चाललाय हे डेस्कटॉपवरून ओळखावं. सूत महागलं, ग्रे कापडाला गिऱ्हाईक नसलं, माग थांबले, की स्किन बदलतात, फॉन्ट बदलतात, वॉलपेपरवर धबधबा येतो. तेजीत मात्र टॅलीच्या खाली काय आहे हे कोणाला आठवतही नाही.

दाजींनी शेवटी एकच मागणी केली: "सुताचा भाव दिसेल का यात?" रेनमीटरला वेबपार्सरने एखाद्या वेबपेजवरचा आकडा उचलता येतो. पण दाजींचा भाव ठरतो दलालाच्या फोनवर, आणि दलाल कुठल्याच वेबपेजवर नाही. भाच्याने तोड काढली. फोन आला की मेहताजींनी भाव एका फाइलीत टाइप करायचा, म्हणजे तो पडद्यावर ठळक दिसेल. तशी स्किन झालीही, हिरव्या अक्षरांत, झोकदार. फक्त ती बघायला मेहताजींना टॅली खाली करायला सांगावं लागतं.

"शेठ," मेहताजी चष्मा वर सारत म्हणाले, "भाव मलाच विचारा ना. टाइप मीच केलाय."