कचेरीच्या पहिल्या पायरीस अनावृत पत्र

प्रति,
मा. पायरी (क्रमांक 1),
एक सरकारी कचेरी, रत्नागिरी.

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल अभिनंदन.

महोदया,

साहेब आले, साहेब बदलून गेले. आपण मात्र तसूभर हलला नाहीत. अस्सल जांभा! अलीकडे तर वर गुळगुळीत फरशीही बसवून घेतलीत.

1995 चा अपंगांचा कायदा आला तेव्हा थोडी धाकधूक झाली असेल. पण त्यात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मऊ गादी होती. तिच्यावर आपण वीस वर्षं लोळलात. मग 2016 चा आला. अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले, भेदभाव करायचा नाही हे कलम 3 मध्ये आलं, आणि नियम निघाल्यापासून 5 वर्षांत प्रत्येक सार्वजनिक इमारत सुगम करा, हे कलम 45 मध्ये. नियम निघाले जून 2017 मध्ये. म्हणजे जून 2022 मध्ये आपला निरोपसमारंभ व्हायला हवा होता. पेढे कुणी खाल्ले कोण जाणे!

रॅम्प झाला हो, नाही असं नाही. 1 फूट चढायला 12 फूट लांबी लागते. आमच्या कंत्राटदाराने 4 फुटांत उरकलं. व्हीलचेअर त्यावरून वर जात नाही, खाली मात्र फार वेगाने येते. पावसाळ्यात त्यावर शेवाळ, एरवी स्टाफच्या मोटारसायकली.

परवा एक काका आपल्यासमोर खुर्चीत बसून होते. शिपाई भला माणूस. म्हणाला, “काका, कागद द्या, मी सही आणतो.”

“सहीचं सोड रे. साहेबाशी भांडायचंय. ते करशील माझ्या वतीने?”

आपल्या मुंबईकर भगिनीही काही कमी नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअरवरच्या नवरीला उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली उतरेनात. उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. जिन्याने केल्याचं ऐकिवात नाही.

8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, बंधनकारक करा. केंद्राला 3 महिने दिले. आपल्या वयाला 3 महिने म्हणजे चहाची सुट्टी. आणि दंड? पहिल्या खेपेला 10,000 रुपयांपर्यंत. नीट रॅम्प त्याहून महाग पडतो, तेव्हा हिशेबी खात्याने काय करावं ते सांगायला नको.

याच गावात 1931 साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेल्या पतितपावन मंदिराने जात न विचारता सगळ्यांना आत घेतलं. तेव्हा अडवणारी माणसं होती. त्यांच्याशी वाद तरी घालता येई. आपल्याशी कसला वाद घालणार? आपण कुणालाच ‘येऊ नको’ म्हणत नाही!

आपला,
एक खालचा नागरिक

ता. क. : पत्र आपल्या अंगावरच ठेवून जात आहे. आवक-जावकचं टेबल पहिल्या मजल्यावर आहे.