चक थांबलाय, असं वाटतं

"पप्पा, साठवर आता काही होत नाही," असं चिरंजीव जेवताना म्हणाले, तेव्हा मला वाटलं विषय माझाच आहे. कंपनीतून बाहेर पडायला मला दोनच वर्षं उरलीत. पण तो मॉनिटरबद्दल बोलत होता. जुना मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, त्याला २४० दाखवणारा हवा होता. वर त्यात 'मोशन ब्लर रिडक्शन'ही हवं. किंमत अठरा हजार. ती त्याने सगळ्यात शेवटी, मला आमटी वाढता वाढता सांगितली. एरवी हा मुलगा स्वतःचं ताट उचलत नाही.

मी चाकणला मेंटेनन्समध्ये. नवीन मशीन मागितलं की आधी जुन्याचा बिघाड बघायचा, हा आमचा शिरस्ता. "दाखव कुठे ब्लर होतंय." त्याने गेममध्ये गर्रकन मान वळवली आणि भिंतीवरची अक्षरं खरंच फरफटली.

"डोळ्याचा दोष आहे. नंबर तपासून घे."

गंमत म्हणजे मी अर्धा बरोबर निघालो. ६० हर्ट्झवर एकेक चित्र जवळजवळ १६.७ मिलिसेकंद जागचं हलत नाही. डोळा मात्र धावत्या वस्तूमागे न थांबता सरकत असतो. आमच्या कंपनीच्या बसचं असंच आहे. बस तळेगाव चौकात रुतलेली आणि माझं मन कधीच पंचिंग मशीनपाशी पोचलेलं. या दोघांमधली जी ओढाताण, तिचं नाव ब्लर. सेकंदाला ९६० पिक्सेल पळणारी वस्तू ६० हर्ट्झवर १६ पिक्सेल फरफटते, २४० वर चारच. बस थांबत थांबतच जाते, फक्त थांबे छोटे होतात. (पुणे-नाशिक रस्त्यावर हा उपाय अजून कोणी करून पाहिलेला नाही.)

आमच्या जुन्या डबा टीव्हीला हा रोग नव्हता. त्याच्या पडद्यावरचा ठिपका उजळायचा आणि लगेच विझायचा, त्यामुळे डोळ्यासमोर शिळं चित्र रेंगाळत नसे. ब्लर रिडक्शन म्हणजे तीच युक्ती नव्याने: मॉनिटरमागचा दिवा प्रत्येक चित्राला क्षणभर लावायचा, बाकी वेळ अंधार. चिरंजीव हे कौतुकाने सांगत होते आणि माझ्या अंगावर काटा आला.

१९८६ साली मी भोसरीत अप्रेंटिस होतो. एका रात्रपाळीत मिस्त्रींनी एक सोडून सगळ्या ट्यूब बंद केल्या आणि मला लेथसमोर उभं केलं. "सांग, चक फिरतोय का थांबलाय?" मी म्हटलं, थांबलाय. त्यांनी लांबूनच खडू टेकवला. खडूचा भुगा माझ्या तोंडावर उडाला. "तुझं बोट असतं," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. थ्री जॉ चक २००० आरपीएमवर असला, तर दर उजेडाला बरोबर एक तृतीयांश फेरी होते. एका जॉच्या जागी दुसरा येऊन उभा. डोळा सांगतो, थांबलाय. म्हणून शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायच्या, म्हणजे एक मंदावली तरी दुसरी जागी असते. हे वायरिंग मी कितीतरी शेडमध्ये केलं. जे भूत उतरवायचा पगार घेतला, त्यालाच आता पैसे मोजून घरी आणायचं होतं!

गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, आम्ही पिंपरीत दुकानात गेलो. खोक्यावर '१ मिलिसेकंद' लिहिलेलं. मी विचारलं, कशाचा?

"काका, रिस्पॉन्सचा. सगळ्यांवर तेच असतं."

तेच नसतं. एक आकडा पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळाचा, दुसरा चित्र डोळ्याला किती वेळ दिसतं त्याचा, आणि हा दुसरा बहुधा ब्लर रिडक्शन चालू करूनच मिळतो. ब्रोशरमधलं मायलेज आणि नाशिक फाट्यावरचं मायलेज, असं काहीसं. मी ते चालू करायला लावलं, खिशातलं पेन काढलं आणि पडद्यासमोर वारा घातल्यासारखं हलवलं. एका पेनाची सात-आठ पेनं दिसली, सुटी सुटी. अगदी भोसरीचा उजेड! पडदा थोडा काळवंडलाही; दिवा बराच वेळ बंद म्हटल्यावर उजेड कुठून येणार? दुकानातली पोरं जमली. चिरंजीव कीबोर्डच्या रॅकमागे गेले.

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. "तुझं कार्ड सेकंदाला चित्रं किती काढतं?" तो रॅकमागूनच म्हणाला, जेमतेम दीडशे. म्हणजे कन्व्हेअर २४० चा आणि वेल्ड शॉपमधून बॉडी येणार दीडशे. त्यात दिवा २४० वेळा लागला आणि चित्र तेवढ्यात बदललं नाही, तर एकाच वस्तूच्या दोन दोन दिसतात. चित्रांचा वेग आणि दिव्याचा वेग जुळला तरच हे काम नीट होतं. आम्ही १४४ चा घेतला, बारा हजारांत. घरी आल्यावर पहिल्यांदा सेटिंग तपासलं. विंडोज निवांत ६० वरच चालवत होतं. आमच्या लाइनवरच्या एकाने असा मॉनिटर वर्षभर पहिल्या गिअरमध्ये हाकला आणि सगळ्यांना सांगितलं, काय स्मूथ आहे!

रात्री ब्लर रिडक्शन लावलं. अक्षरं कोरल्यासारखी दिसायला लागली, हे कबूल करतो. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, व्होल्टेज पडलं का?"

दुसऱ्या दिवशी मी मॉनिटरच्या चौकटीवर कंपनीतला पिवळा स्टिकर लावला: 'मशीन चालू असताना हात घालू नये.' चिरंजीव तो फाडतील असं वाटलं होतं. पण मित्रांना आवडला म्हणे, तिघांनी मागितलाय. आता स्टोअरला स्लिप भरायची आहे आणि 'कारण'च्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाहीये.